पिठ्याचे वारस

घराण्याची हकीगत सांगावयास बसलेला माणूस सहसा खोटे बोलत नाही. तो फक्त निवडून बोलतो. कोणाच्या घराण्यात पानिपतावर पडलेला शिलेदार असतो, कोणाचे पणजोबा पायी काशीस जाऊन आलेले असतात, कोणाच्या घरी पेशव्यांकडून दक्षिणा घेणारा एखादा वेदमूर्ती होऊन गेलेला असतो. पानिपतावर पडलेल्या वीरांचे म्हणून जेवढे वंशज आज आपल्याला भेटतात, त्या साऱ्यांचे पूर्वज खरोखरच तेथे उभे असते, तर अब्दालीची पुढे येण्याची छाती झाली नसती! या थोरांच्या मेळाव्यात व्याजबट्टा करणारा सावकार क्वचित दिसतो. दारू विकणारा तर कधीच दिसत नाही.

पण दारू तर विकली जात होतीच, आणि ज्या अर्थी विकली जात होती त्या अर्थी कोणीतरी ती विकतही होता. त्याला बायको होती, मुले होती, मुलांना पुढे मुले झाली. मग ती सारी माणसे गेली कोठे?

आजच्या तरुण वाचकांना ‘पिठा’ हा शब्दच कदाचित समजावून सांगावा लागेल. पिठाच्या गिरणीशी त्याचा काही संबंध नाही. सरकारी परवान्याने देशी दारू जेथे मापाने मिळे, आणि नवटाक-पावशेर घेऊन जेथे बसून पिता येई, ते दुकान म्हणजे पिठा. कोठे त्यालाच गुत्ता म्हणत. पारशी समाजात या धंद्याच्या खुणा आडनावांतून राहिल्या आहेत: दारूवाला, पिठावाला, ताडीवाला. त्यांनी धंद्याबरोबर नावही सांभाळले. बाकीच्यांनी मात्र दुकानाची पाटी उतरवली, तेव्हा तिच्याबरोबर आठवणही उतरवून ठेवली.

हा धंदा वाढला कसा, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. कोकणपट्टीत आणि डोंगरात मोहाची फुले, ताड आणि माड यांच्यापासून पेय काढणे हा जुना घरगुती व्यवहार होता. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्याने त्याला आळा बसला. घरोघरच्या भट्ट्या बंद पडल्या, ताडामाडांवरचा कर वाढला, आणि पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. ज्या झाडाखाली आदिवासी जन्मला, त्या झाडाची गळलेली फुले घरात साठवणे हा गुन्हा ठरला. उरणला पारशी मालकांच्या मोठमोठ्या भट्ट्या होत्या. त्यांची दारू खाडी ओलांडून मुंबईस येई, आणि परवान्याच्या पिठ्यांतून गिरणीकामगारांना, हमालांना, खलाशांना मिळे. सरकारला कर मिळाला, मक्तेदाराला नफा मिळाला, आणि गरिबाला, जे पूर्वी घरच्या अंगणात मिळत होते ते आता रोख पैसे मोजून मिळू लागले. म्हणजे पिठा हा केवळ कोणा एका दुष्ट माणसाचा उद्योग नव्हता. राज्यकर्ते त्यात भागीदार होते, आणि तेही मोठ्या हिश्शाचे.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. निवृत्तीनंतर माणसे बागकाम करतात किंवा ज्ञानेश्वरी वाचतात. यांनी घराण्याचा इतिहास लिहावयास घेतला. आजोबांचे परळच्या बाजूला ‘दुकान’ होते एवढेच त्यांना ठाऊक होते. कसले दुकान, हे घरात कोणी सांगत नसे. लहानपणी विचारले की ‘किराणामालाचे’ असे उत्तर मिळे. पण घरातल्या अडगळीत एक पितळी माप होते, आणि ते धान्याचे नव्हते. त्या मापाच्या मागोमाग गृहस्थ निघाले. पुराभिलेखागारात बसून त्यांनी जुने कागद चाळले, परळच्या गल्ल्या धुंडाळल्या. जेथे दुकान असावे असा त्यांचा तर्क होता, तेथे आज टोलेजंग इमारत उभी आहे, आणि तिच्या रखवालदाराला गिरणी कोठे होती हेही सांगता येत नाही, मग पिठा कोठला! शेवटी घरातच एक साक्षीदार निघाला. नव्वदी ओलांडलेली त्यांची आत्या.

आत्याबाई आधी काही बोलावयास तयार नव्हत्या. “दुकान होतं म्हणावं, पुरे. कसलं ते कोण विचारतंय?” असे म्हणून त्यांनी विषय तोडला. पण म्हातारपणी मनाची कडी जरा सैल होते. दोन-तीन भेटींनंतर त्याच म्हणाल्या, “पगाराच्या दिवशी समोरच्या फुटपाथवर बायका उभ्या राहायच्या. नवरा आत शिरायच्या आधी गाठायचा म्हणून. आम्हा मुलींना त्या दिवशी खिडकीशी येऊ देत नसत. पण आवाज काय, भिंतीतूनही येतो.” आणि मग, आपल्या उघड्या मनगटांकडे पाहत: “माझ्या लग्नातल्या पाटल्यांचं सोनं सराफाकडून आलं नव्हतं, बाळ. गहाणाचं होतं. न सुटलेलं.”

उधारीवर पिणारा माणूस घरातला डाग आणून ठेवी, आणि पुष्कळदा तो सोडवावयास परत येत नसे. अशा कोणा अनाम बाईच्या अंगावरचे सोने आटवून या घरच्या मुलीच्या पाटल्या झाल्या होत्या. त्याच दुकानाच्या मिळकतीवर गृहस्थांचे वडील कॉलेजात गेले, वकील झाले, आणि त्या वकिलीवर हे गृहस्थ शिकले. त्यांनी मला विचारले, “आता मी काय करावे? मी तर आयुष्यात थेंबाला शिवलो नाही.”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि तो त्यांच्या एकट्याचाही नाही. शेत, वाडा, दुकान, नोकरी, यांपैकी काही ना काही वारशाने आलेले घर आपल्यांत पुष्कळांचे आहे. त्या मिळकतीच्या मुळाशी कोणाचे अश्रू आहेत का, हे विचारण्याचे धाडस आपण सहसा करीत नाही. बापाचे पाप मुलाला लागते का? आणि लागत नसेल, तर बापाच्या पापाची कमाई मुलाने सुखाने खावी का?

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण मुलांना किती वेळा सांगतो! वाटसरूंना मारून वाल्या घर पोशीत होता. एका हत्येला एक खडा याप्रमाणे त्याचे सात रांजण भरले होते. नारदाने त्याला घरी पाठविले: “जा, तुझ्या पापात वाटेकरी व्हाल का, ते बायकामुलांना विचारून ये.” त्यांनी सांगितले, “आम्हांला पोसणे हे तुझे कर्तव्य. पाप तुझे तुझ्यापाशी.” वाल्याचे डोळे उघडले, तो रामनामाला बसला, अंगावर वारूळ चढले, आणि वाल्याचा वाल्मीकी झाला. येथे गोष्ट संपते आणि मुले झोपी जातात.

मला मात्र नेहमी वाटते की, ही गोष्ट एका घराला विसरून गेली. वाल्या तपाला बसला. पण त्याच्या घरात भांडीकुंडी होती, कपडेलत्ते होते, कोणा वाटसरूच्या बायकोचा दागिनाही असेल. त्यांचे पुढे काय झाले? ते खडे भरलेले रांजण अंगणात तसेच उभे राहिले का? मुले मोठी झाल्यावर त्यांनी आपल्या मुलांना काय सांगितले? ‘आमचे वडील मोठे ऋषी होते’ एवढेच सांगितले असेल, आणि त्यात खोटे तरी काय होते!

घरच्या माणसांनी वाल्याला दिलेले उत्तर ऐकताना आपल्याला त्यांचा राग येतो. पण नीट विचार केला तर ते उत्तर चूक नव्हते. पाप वाटून घेता येत नाही. जे मी केले नाही, जे माझ्या जन्मापूर्वी घडले, त्याचा दोष माझ्यावर येत नाही, हा न्यायच आहे. मुलाला बापाच्या गुन्ह्याबद्दल फासावर चढविणारे राज्य कोणाला आवडेल? नारदाचा प्रश्नच अपुरा होता. पापात वाटेकरी आहात का, असे त्याने विचारले. मालात वाटेकरी आहात का, असे विचारले असते तर त्या घराला ‘नाही’ म्हणता आले नसते.

माझ्या मते सारा घोटाळा या दोन प्रश्नांची गल्लत केल्याने होतो. कोणी आपल्या पूर्वजांचा व्यवसाय काढला की आपण ताबडतोब पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो: ‘त्यात माझा काय दोष?’ दोष काहीच नाही. पण विचारले होते ते दुसरेच. दोष वारशाने येत नाही. मिळकत मात्र येते.

आपल्या स्मृतिकारांनाही ही अडचण दिसली होती. बापाचे ऋण मुलाने फेडावे असा त्यांचा दंडक. पण मनुस्मृतीने काही ऋणे त्यातून वगळली आहेत, आणि जुगाराच्या ऋणाप्रमाणे दारूचे ऋणही त्यांत आहे. बापाने प्यालेल्या पेल्याचे पैसे मुलाकडून मागू नयेत, एवढी करुणा त्या नियमात होती. (२००५ च्या दुरुस्तीने हिंदू कायद्यातून हे पुत्राचे बंधनच गेले, ती गोष्ट निराळी.) आता त्या पाटल्यांकडे पाहा. फुटपाथवर उभ्या असलेल्या बाईने तो डाग कदाचित स्वतःच्या मुलीसाठी राखून ठेवला असेल. स्मृतीने ज्या लेकराला मोकळे सोडले, त्याच्याकडूनच गहाणाच्या वाटेने वसुली झाली. प्यायला तो बाप, पण पैसे भरले ते मुलीने. आणि ते पोहोचले दुसऱ्या एका मुलीच्या मनगटावर. दोघीही निर्दोष, तरी एकीचे सोने दुसरीपाशी होते.

अशा वेळी माणसाला दोन पळवाटा दिसतात. पहिली झाकून ठेवण्याची. ती आपल्याकडची जुनी वाट. ‘किराणामालाचे दुकान’ हे तिचे गोंडस नाव. पण झाकण्याची गरज सर्वांनाच वाटली असे नाही. बाराव्या शतकात कल्हणाने ‘राजतरंगिणी’ लिहिली. काश्मीरचा अवंतिवर्मा हा नवव्या शतकातला थोर राजा. त्याच्या काळी सुय्याने वितस्तेचे पूर आवरले आणि दुष्काळी प्रदेशात धान्य पिकविले. या राजाच्या घराण्याचे मूळ एका कल्यपालाच्या, म्हणजे दारू गाळणाऱ्याच्या घरात होते. त्या घरची कन्या राजाघरी गेली आणि तिच्या भावांच्या हाती सत्ता आली. हे कल्हणाने स्वच्छ लिहून ठेवले आहे. आपला ‘कलाल’ हा शब्द याच कल्यपालावरून आला. कल्हणाने भट्टी झाकली नाही, आणि भट्टी सांगितल्यामुळे अवंतिवर्म्याच्या कर्तृत्वातले काही उणेही झाले नाही.

दुसरी पळवाट मिरविण्याची, आणि ती अलीकडची आहे. ज्यांच्याकडून आपण अबकारीची पद्धत घेतली त्या इंग्रजांच्या देशात खेड्यातला पब म्हणजे गावची ओसरी. तेथे आपल्या पणजोबांचा पब किंवा बिअरचा कारखाना शोधून काढणे, जुने पेले आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या जमविणे, हा पुष्कळांचा आवडता छंद आहे. त्या देशात दारूच्या पैशाने चांगली कामेही झाली. लंडनच्या ब्रिक लेनमधील ट्रूमन, हॅनबरी आणि बक्स्टन या बिअरच्या कारखान्याचा एक भागीदार थॉमस फॉवेल बक्स्टन. विल्बरफोर्सनंतर गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचे पुढारीपण त्याने केले, आणि १८३३ साली पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. तो कारखाना गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. गुलामांच्या बेड्या तुटल्या त्यात बिअरचा वाटा होता, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. पण म्हणून बिअरच्या पेल्यात ज्यांचे संसार बुडाले त्यांचा हिशेब फिटला असेही नाही. बर्नार्ड शॉने ‘मेजर बार्बारा’ या १९०५ च्या नाटकात नेमकी हीच गाठ मारून ठेवली आहे. गरिबांची सेवा करणाऱ्या साल्व्हेशन आर्मीला व्हिस्कीचा कारखानदार देणगी देतो, तोफा बनविणारा देतो. बार्बारा दुखावून बाहेर पडते, आणि शॉ तिला, म्हणजे आपल्यालाच, विचारतो की निर्मळ पैसा आहे तरी कोठे, तो दाखवा.

शॉच्या या प्रश्नाला आपल्याकडे एका माणसाने फार निराळ्या रीतीने हात घातला. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. गांधींनी तेव्हा एक गोष्ट दाखवून दिली, आणि ती ऐकून पुष्कळांच्या घशात घास अडकला असेल. मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागविण्यास सरकारापाशी मुख्यतः दारूचेच उत्पन्न होते. दारूबंदी करावी तर शाळा चालत नाहीत, आणि शाळा चालवाव्या तर बापाला पाजावे लागते. यातून सुटण्यासाठी शिक्षण स्वावलंबी करावे, असे म्हणत त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याची शिक्षण परिषद भरली, आणि ‘नई तालीम’ निघाली. ती योजना पुढे कितपत टिकली हा प्रश्न वेगळा. पण ज्या मुंबई इलाख्यात अबकारीचे उत्पन्न सरकारच्या प्रमुख उत्पन्नांपैकी एक होते, तेथील सरकारी शाळेच्या फळ्यावर काढलेल्या ‘श्री’मध्ये पिठ्यातली दमडी होती, हे काही त्यामुळे पुसले जात नाही.

म्हणजे पिठ्याचा वारस तो एकटा गृहस्थ नव्हे. त्याचे आजोबा पिठ्यात पैसे घेत होते. आपले आजोबा त्या पैशांतून चालणाऱ्या शाळेत पाढे म्हणत होते. फरक एवढाच की त्याच्या घरी पितळी माप उरले, आपल्या घरी ते उरले नाही. आजही राज्याच्या तिजोरीत दारूवरच्या करांचा भरणा मोठा असतो, आणि त्या तिजोरीतूनच रस्ते होतात, दवाखाने चालतात. आपण सारेच वाल्याच्या घरातली माणसे आहोत.

‘मग त्या काळी कोणाला हे कळत नव्हते का?’ असे कोणी म्हणेल. कळत होते. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्याला लेखी विरोध केला होता. १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि सिंधूच्या दुःखाने महाराष्ट्र रडला. पण एक गंमत पाहा. सुधाकर, सिंधू, तळीराम ही माणसे आपल्या तोंडपाठ आहेत. मात्र त्या पेल्यातली दारू गाळली कोणी, परवाना दिला कोणी, कर घेतला कोणी, हे विचारीत आपण नाट्यगृहातून बाहेर पडत नाही. पिणाऱ्यावर आपण नाटक लिहिले. विकणाऱ्याला नुसते वंशावळीतून गाळले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शंभर वर्षांनंतर गादीवर बसून आजोबांना शिव्या देणे फार सोपे असते. त्या गृहस्थांच्या आजोबांनी परवाना घेऊन, फी भरून, कायद्याने धंदा केला. त्यांच्या पिठ्यात बसणारा कामगार दिवसभर गिरणीच्या धुरळ्यात आणि गोंगाटात उभा असे. दहा बाय दहाच्या खोलीत तो आठदहा जणांबरोबर राही. त्याला टेकावयास दुसरी जागा कोणती होती? आणि पिठे बंद झाले म्हणून दुःख बंद झाले असेही नाही. १९३९ च्या ऑगस्टात मुंबईत दारूबंदी आली आणि मंत्रिमंडळ गेल्यावर ढिली पडली. १९५० साली ती पुन्हा पूर्णपणे आली, पिठे गेले, आणि गल्लीगल्लीत हातभट्टी आली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती बायकांच्या मोठ्या आंदोलनाच्या बळावर. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा कसा असावा याविषयी शहाण्या माणसांत मतभेद राहतील. मला येथे कायद्याचा निवाडा करावयाचा नाही. मला घराचा हिशेब मांडावयाचा आहे.

मग काय करावे? त्या गृहस्थांना मी जे सांगितले तेच येथे सांगतो. प्रथम, लिहावे. आजोबांच्या नावापुढे ‘परळ येथे देशी दारूचा पिठा’ असे स्वच्छ लिहावे. मखलाशी नको आणि आरतीही नको. त्यांनी तसे लिहिले. त्यावर एका चुलतभावाचा निरोप आला की, मुलींची लग्ने व्हावयाची आहेत, ती ओळ काढून टाक. ओळ अजून तशीच आहे. दोन घरांत बोलणे मात्र थोडे कमी झाले आहे. खरे लिहिण्याला किंमत पडते ती अशी.

दुसरी गोष्ट अवघड आहे. जी बाई फुटपाथवर उभी होती तिचे नाव कोणाला ठाऊक नाही. तिचे सोने तिला परत करता येत नाही. पण नाव माहीत नाही म्हणून देणे मिटत नाही. ते फक्त एका माणसाचे न राहता पुष्कळांचे होते. पगाराच्या दिवशी वाट अडवून उभी राहणारी बाई आजही आहे. ती परळच्या फुटपाथवर नसेल, आपल्या घरी धुणेभांडी करीत असेल, आणि तिची मुलगी महापालिकेच्या शाळेत जात असेल. तिला दिलेली मदत हा उपकार समजू नये. तो हप्ता समजावा. उपकार करणाराची मान ताठ होते. हप्ता फेडणारा फक्त पावती घेतो आणि पुढच्या महिन्याची तारीख लक्षात ठेवतो. दानधर्म करणाऱ्या आपल्या पुष्कळ घरांना हा फरक कळला तर फार बरे होईल. आत्याबाईंनी हे ऐकले, तेव्हा त्या पाटल्यांविषयी काही बोलल्या नाहीत. कपाटाची किल्ली तेवढी भाच्याच्या हाती दिली.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दागिने आणि नवी वही पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, आणि लक्ष्मी आमच्या घरी स्थिर राहो असे मागतो. हिशेबाच्या प्रत्येक वहीला जमेची एक बाजू असते, आणि तेथे रकमेसमोर ती कोणाकडून आली त्याचे नाव लिहावे लागते. नाव न लिहिता रक्कम जमा धरणाऱ्या मुनिमाला कोणताही व्यापारी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही. यंदा पाटावरचा एखादा जुना डाग हाती घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे, ‘हा आपल्याकडे कोठून आला?’ त्या जरा गप्प राहतील. गप्प राहिल्या तरी उठू नये. फराळाचे ताट पुढे करावे आणि शेजारी बसून राहावे.